सॅट द्यायची की नाही? अमेरिकेतल्या कॉलेजांच्या अटी शोधताना या चुका टाळा

सॅट म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांत पदवीच्या प्रवेशासाठी दिली जाणारी परीक्षा. माझ्या भाचीने इंटरनेटवरची 'सॅट न मागणारी कॉलेजं' अशी एक यादी बघून चार नावं निवडली. त्यातल्या एकाने सॅटची अट पुन्हा लागू केल्याचं तिला फॉर्म भरताना कळलं. तोवर मुदतीआधीच्या शेवटच्या सॅटची नोंदणी बंद झाली होती. ते कॉलेज हातचं गेलं, आणि मला अजून हळहळ वाटते.

जुनी माहिती ही सर्वात महागात पडणारी चूक. कोविडच्या काळात बहुतेक कॉलेजांनी परीक्षा ऐच्छिक केली. मग २०२२ मध्ये एमआयटीने ती पुन्हा सक्तीची केली, २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड आणि कॅलटेकनेही तसंच जाहीर केलं. म्हणून कॉलेजच्या स्वतःच्या साइटवरचं अ‍ॅडमिशनचं पानच उघडा आणि नियम कोणत्या वर्षासाठी आहे ते आधी वाचा. 'फॉल २०२७' ही २०२७ मध्ये वर्गात बसणारी तुकडी. तिचे अर्ज बहुतेक ठिकाणी २०२६ च्या उत्तरार्धापासूनच भरले जातात. पानावर सॅट सब्जेक्ट टेस्टचा उल्लेख दिसला तर ते पान सरळ बंद करा. त्या परीक्षा २०२१ मध्येच बंद झाल्या.

'ऑप्शनल' आणि 'ब्लाइंड' एकच समजू नका. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया टेस्ट-ब्लाइंड आहे. १६०० पैकी १५८० मिळाले तरी प्रवेश ठरवताना तो आकडा कुणी बघत नाही. ऑप्शनल कॉलेजात मात्र पाठवलेला स्कोअर वाचला जातो. पाठवावा का, हे ठरवायला कॉलेजच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' (कॉलेजं दरवर्षी ठरावीक नमुन्यात देतात ती आकडेवारी) लिहून शोधा. त्यातल्या सी८ या भागात परीक्षेचं धोरण असतं, सी९ मध्ये प्रवेश घेतलेल्यांचे २५ आणि ७५ पर्सेंटाइलचे स्कोअर. तिथेच किती टक्के मुलांनी स्कोअर दिला तेही असतं, ते नक्की बघा. चांगले गुण असणारेच स्कोअर पाठवतात, त्यामुळे ऑप्शनल कॉलेजचे आकडे फुगलेले दिसतात. ते बघून खचू नका. धोरणासाठी मात्र सी८ वर थांबू नका, तो तक्ता मागच्या वर्षीचा असू शकतो.

येलने २०२४ मध्ये तिसराच मार्ग काढला: सॅट, एसीटी (सॅटसारखीच दुसरी प्रवेश परीक्षा), एपी किंवा आयबी (शाळेत शिकताना देतात त्या विषयवार परीक्षा), यांपैकी काहीही चालेल. असे पर्याय न वाचता लोक उगाच नवी परीक्षा देत बसतात.

टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षा ही वेगळी अट आहे. सॅट माफ झाली म्हणून ती माफ होत नाही. टोफेलचा स्कोअर दोनच वर्षं चालतो.

साइट एक सांगते आणि अर्जाचा फॉर्म दुसरंच, असं झालं तर अंदाज बांधू नका. अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल करा. प्रवेशाचं वर्ष, विषय, फर्स्ट-इयर की ट्रान्सफर, सगळं एकाच मेलमध्ये लिहा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.