वाचताना लक्ष उडतं? खुणेची चिठ्ठी कामाला लावा

वाचायला बसलं की दोन पानांत हात मोबाइलकडे जातो आणि पुस्तक आठवडाभर उशाशी पालथं पडून राहतं.

१. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पुस्तकात खुणेला कोरी चिठ्ठी, सोबत पेन्सिल.

२. मधेच ‘बिल भरायचं राहिलं’ असं काही आठवलं, की चिठ्ठीवर दोन शब्द खरडा आणि पुढची ओळ धरा. (यातली निम्मी कामं नंतर तातडीची वाटतही नाहीत!)

३. प्रकरण संपवून थांबू नका. रंगात आलेला परिच्छेद अर्धा सोडा आणि चिठ्ठीच्या मागे कुठवर आलो ते एका ओळीत लिहा. दुसऱ्या दिवशी मागची पानं चाळत बसावं लागत नाही.

फक्त एक: शब्दाचा अर्थ बघायलाही मोबाइल आणू नका. अडलेला शब्द चिठ्ठीवरच टिपा.