क्रँकवर टाइट टायमिंग गिअर बसवायचाय? आधी हातोडा लांब ठेवा

क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या, पुढच्या टोकावर व्हॉल्वची वेळ सांभाळणारा जो टायमिंग गिअर बसतो त्याचं भोक बऱ्याच इंजिनांत शाफ्टपेक्षा मुद्दामच जरासं लहान ठेवलेलं असतं. म्हणजे नवीन गिअर हातात घेऊन शाफ्टवर ठेवला आणि तो जात नाही, तर पार्ट चुकीचा आला असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा तो तसाच असायला हवा. पण इथेच लोक हातोडा उचलतात आणि काम बिघडतं. मीही सुरुवातीला एकदा पाइप लावून ठोकून बसवला होता. गिअर बसला, पण क्रँक पुढेमागे हलवून बघितला तर खेळ आधीपेक्षा जास्त, सगळे ठोके थ्रस्ट वॉशरनी (क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या चकत्यांनी) खाल्ले होते, आणि त्या वॉशरसाठी इंजिनखालचं तेलाचं भांडं, म्हणजे ऑइल संप, परत खाली उतरवावं लागलं. तेव्हापासून मी एकच गोष्ट मानतो, गरम गिअर हाताने सरकून गेला पाहिजे, नाही गेला तर तयारीत काहीतरी राहिलंय.

आधी मोजा. मायक्रोमीटरने शाफ्ट, बोअर गेजने गिअरचं भोक, दोन्ही दोन-तीन ठिकाणी आणि दोन्ही एकाच तापमानाला असताना. समजा शाफ्ट 45.03 आला आणि भोक 44.99, म्हणजे 0.04 मिमीचा टाइटपणा. आता स्टील एका डिग्रीला साधारण 0.0000115 पट वाढतं, मग 45 मिमीचं भोक 150 डिग्रीने तापवलं तर 45 गुणिले 0.0000115 गुणिले 150, म्हणजे जवळपास 0.078 मिमीने मोठं होतं. त्यातून 0.04 वजा केले की 0.038 मिमीची मोकळीक हातात उरते. म्हणजे खोलीत 30 डिग्री असेल तर गिअर 180 ला नेला की काम झालं. लाल करायची तर अजिबात गरज नाही. (गिअर तापला की फुगेल आणि भोक उलट लहान होईल असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं होत नाही. फोटो मोठा केला की त्यातलं भोकही मोठं होतं ना, तसंच.) तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये तापमान दिलेलं असेल तर तेच धरा. नसेल तर 200 च्या वर जाऊ नका, कारण दातांना दिलेला कडकपणा त्यानंतर उतरायला लागतो. गिअरवर पिवळसर झाक दिसली की समजा जास्त झालं, निळा पडला तर तो गिअर वापरूच नका.

आता तयारी, खरा वेळ इथे जातो आणि जाऊ द्या. जुना गिअर पुलरने काढताना शाफ्टवर ओरखडे उठलेले असतात, ते बारीक एमरीने फक्त उठलेला भाग जाईल इतकेच घासा, गोल फिरवत माप कमी करत बसू नका. चावीच्या (गिअर शाफ्टवर घसरून फिरू नये म्हणून मध्ये बसणाऱ्या स्टीलच्या तुकड्याच्या) खाचेच्या कडांवर बोट फिरवून बघा, धार लागली तर बारीक कानस दोनदा हलक्या हाताने. मग चावी. ती आधी सुट्या गिअरच्या खाचेत सरकवून बघा, मोकळी जायला हवी, आणि नंतरच शाफ्टच्या खाचेत बसवा. अर्धगोल चावी असेल तर तिचं मागचं टोक वर उचललेलं राहता कामा नये. हे इतकं लिहितोय कारण गिअर अर्ध्यात अडकण्याचं मी सगळ्यात जास्त बघितलेलं कारण हेच आहे, पुढून चावी बरोबर दिसते, गिअर आत जातो, मागच्या उंच टोकावर चढतो आणि तिथेच थंड होऊन पकडतो. पुढचं टोक केसभर खाली असलं तर चालतं, मागचं वर नको.

क्रँक फिरवून चावी वर, बाराच्या काट्यावर आणा. गिअरच्या तोंडावर खाचेच्या अगदी सरळ रेषेत मार्करने एक ठळक रेघ ओढा, कारण गरम गिअर हातात असताना खाच शोधायला वेळ नसतो. टायमिंगची खूण बाहेरच्या बाजूला येते ना ते बघा, आणि भोकाला ज्या बाजूने मोठा चॅम्फर (तिरकी कापलेली कड) आहे ती बाजू सहसा आत, शाफ्टच्या खांद्याकडे, म्हणजे गिअर जिथे टेकतो त्या पायरीकडे जाते. उलटा बसला तर परत पुलर, परत सगळं. पुढचं ऑइल सील आत्ता लावू नका, रबर आहे ते. आणि गिअर थंड असतानाच एकदा रंगीत तालीम करा, कुठला हात कुठे, कसं उभं राहायचं, वाटेत काही लागतंय का. वेडेपणा वाटेल पण करा.

तापवायला सगळ्यात चांगला इलेक्ट्रिक ओव्हन, 180 वर ठेवून अर्धा-पाऊण तास, म्हणजे गिअर आतपर्यंत सारखा तापतो. तेलात तापवत असाल तर गिअर तारेने लटकता ठेवा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, तापमान बघत राहा, तेलातून धूर निघायला लागला की आच बंद, आणि हे काम मोकळ्या हवेत, आसपास पाण्याचा थेंब नको. गॅसच्या ज्वाळेने तापवणं मला आवडत नाही, एक बाजू 300 ला जाते आणि दुसरी 100 ला राहते. दुसरा इलाज नसेलच तर ज्वाळा दातांवर न धरता भोकाच्या भोवतीच्या भागावर सतत फिरवत ठेवा. तापमान बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर एक लक्षात घ्या, चकचकीत स्टीलवर तो खूप कमी दाखवतो, म्हणून गिअरवर काळा ठिपका काढून त्यावर धरा. थर्मामीटर नसेल तर 63/37 ची (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) सोल्डर तार टेकवा, ती 183 ला वितळते. शिसं नसलेली तार घेऊ नका, ती 217 च्या पुढे वितळते आणि तोपर्यंत गिअर जास्त तापलेला असतो. सफाईला वापरलेलं पेट्रोल किंवा थिनर पूर्ण उडालेलं असू दे आणि डबा तिथून लांब ठेवा.

शाफ्टवर तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. चामड्याचे जाड हातमोजे घाला, नायलॉनचे नकोत. गिअर उचला, रेघ चावीसमोर आणा आणि एका दमात सरळ खांद्यापर्यंत ढकला. थांबायचं नाही, मध्येच मागे घेऊन परत बघायचं नाही, कारण शाफ्ट थंड आहे आणि टेकल्याक्षणी तो गिअरमधली उष्णता ओढायला लागतो, तुमच्याकडे दोन-तीन सेकंदच असतात. बरोबर गेला तर खांद्यावर टेकताना टक् असा आवाज येतो. तिथेच दाबून धरा, निदान मिनिटभर, नाहीतर थंड होताना गिअर किंचित पुढे सरकून मागे फट राहते. मी जाड पाइपचा तुकडा आधीच बाजूला काढून ठेवतो आणि त्यानेच दाबतो.

अर्ध्यात अडकलाच तर ठोकू नका. क्रँकच्या पुढच्या आट्यांमध्ये लांब स्टड पूर्ण खोल बसवा, त्यावर पाइप, जाड वॉशर आणि नट, वॉशरला ग्रीस, आणि नट फिरवत गिअर ओढून घ्या. इथे इंजिनचा मूळ बोल्ट वापरायचा मोह होतो. गिअर अर्ध्यातच असल्यामुळे तो जेमतेम चार आट्यांवर पकडलेला असतो आणि ताण आला की क्रँकचे आटे ओरबाडतो, मग मात्र मोठं दुखणं. नट खूप जड जायला लागला तर थांबा, पुलरने गिअर बाहेर काढा आणि चावी परत तपासा.

पूर्ण थंड झाल्यावर गिअर आणि खांद्याच्या मध्ये 0.05 मिमीची फिलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) चारी बाजूंनी घालून बघा, कुठेच जायला नको. मग कॅमचा, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या शाफ्टचा, गिअर खुणेला खूण लावून जुळवा. फायबर किंवा नायलॉनचा कॅम गिअर असेल तर तो तापवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. दातांमधला खेळ मॅन्युअलप्रमाणे आहे ना ते तीन-चार ठिकाणी बघा, एका ठिकाणी घट्ट आणि समोर ढिला लागला तर गिअर वाकडा बसलाय किंवा मागे कचरा अडकलाय.

शेवटी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडकलं तर जोर लावू नका, व्हॉल्व पिस्टनला लागत असू शकतो. दोन फेऱ्यांनी कॅमचा एक फेरा होतो आणि खुणा परत समोरासमोर येतात. क्रँक आणि कॅमच्या गिअरमध्ये आयडलर (दोघांना जोडणारा तिसरा) गिअर असलेल्या इंजिनात मात्र आयडलरवरच्या खुणा दोन फेऱ्यांत परत जुळतीलच असं नाही, दातांच्या संख्येमुळे त्याला बरेच फेरे लागतात, तिथे घाबरून सगळं परत खोलू नका, बसवताना जुळलेल्या होत्या ना तेवढं पुरे. एवढं झालं की सीलच्या ओठाला तेल लावा आणि कव्हर चढवा.