मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळ्यांसाठी ऑनलाइन प्रार्थना-प्रशिक्षण कसे घ्यावे

ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले, आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या वारशाने विश्वास मिळालेली अनेक घरे आपल्या भागात आहेत. परंतु त्याच घरांत आज प्रार्थनेची वेळ आली की सगळे पाळकसाहेबांकडे पाहतात. म्हणून या प्रशिक्षणाचा हेतू एकच ठेवावा: प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत, मोठ्याने, देवाशी बोलावे.

एका गटात आठच जण घ्यावेत. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, रात्रीची जेवणे उरकल्यावर चाळीस मिनिटे पुरेशी होतात. वीज आणि रेंज यांचा भरवसा नसल्यामुळे व्हिडिओचा आग्रह धरू नये. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे पहाटेच फडात जातात आणि रात्री कोपीवर (झोपडीवर) थकून येतात, त्यांना त्या आठवड्याचे बायबलमधील स्तोत्र आवाजात ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सॲपवर पाठवावे, म्हणजे सवडीने ऐकता येते.

पहिल्या दिवशी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, घ्यावी, पण ती एका दमात म्हणू नये. एकेक विनंती वाचून थांबावे आणि 'आमची रोजची भाकर' म्हणताना आपल्या घरात आज नेमके काय हवे आहे, ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगावे. दुसऱ्या आठवड्यासाठी तेरावे स्तोत्र मला सर्वांत उपयोगी वाटते. त्याच्या पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. देवाकडे गाऱ्हाणे मांडणे हा अविश्वास नव्हे, हे दुष्काळ सोसलेल्या माणसाला येथे लगेच उमगते. वाचनानंतर सर्वांनी म्यूट करून तीन मिनिटे शांत बसावे. ही शांतता संचालकाला फार लांब वाटते आणि ती बोलून भरण्याचा मोह होतो, तो आवरावा. आमच्या गटातील एका मावशींनी, फोन पिठाच्या डब्याला टेकवून, दोन आठवडे काहीच म्हटले नाही, तिसऱ्या आठवड्यात त्या शांततेनंतर त्या एवढेच म्हणाल्या, "प्रभू, माझी शेळी आजारी आहे, तुला ठाऊक आहे." त्या प्रार्थनेत दुरुस्त करण्यासारखे काहीही नव्हते, आणि इतरांचीही प्रार्थना कोणी कधीच दुरुस्त करू नये.

पुढील आठवड्यांत कृतज्ञता, पापकबुली आणि मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची, प्रार्थना क्रमाने घ्यावी. पापकबुली मात्र मनातल्या मनात व्हावी. गटात बोललेले बाहेर जाऊ नये, यासाठी सभेचे ध्वनिमुद्रण अजिबात करू नये. आजाऱ्यासाठी अवश्य प्रार्थना करावी, पण औषधोपचार थांबवण्याचा सल्ला कोणालाही देऊ देऊ नये.

दोघादोघांच्या जोड्या लावून मधल्या दिवसांत एकदा फोनवर पाच मिनिटे एकत्र प्रार्थना करण्यास सांगावे. सहा आठवडे संपल्यावर लिंक बंद करावी आणि या जोड्या तशाच चालू ठेवाव्यात.