हेरपट आणि विनोदी कार्टून मालिका जोडीने कशा पाहाव्यात

हेरपटांची थट्टा करणारे कार्टून पाहण्याआधी ज्याची थट्टा केली आहे तो चित्रपट पाहिलेला असावा, आणि शक्यतो त्याच आठवड्यात पाहिलेला असावा. मी लहानपणी सगळे उलट्या क्रमाने पाहिले, त्यामुळे 'इन्स्पेक्टर गॅजेट' या कार्टूनमधल्या खलनायकाचे, डॉक्टर क्लॉचे, मांजर मला कितीतरी वर्षे नुसतेच एक लठ्ठ मांजर वाटत होते.

म्हणून सुरुवात मांजरापासूनच करावी. १९६३ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' या जेम्स बाँडच्या हेरपटात खलनायक ब्लोफेल्डचा चेहरा दिसत नाही. दिसतात ते केवळ हात आणि मांडीवरचे पांढरे मांजर. त्यानंतर १९६७ चा 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' हा बाँडपट लावावा, कारण तिथे डोनाल्ड प्लेझन्सच्या रूपाने तो चेहरा प्रथमच समोर येतो आणि नेपथ्यकार केन ॲडमने उभारलेला ज्वालामुखीच्या पोटातला अड्डाही पाहायला मिळतो. एवढे झाल्यावर १९८३ चे 'गॅजेट' काढावे. खुर्चीत बसलेला, धातूच्या पंजाखेरीज काहीच न दाखवणारा क्लॉ आता कोणाची नक्कल आहे हे सांगावे लागत नाही. गॅजेटचा आवाज डॉन ॲडम्सचा, आणि हाच नट 'गेट स्मार्ट' या १९६५ च्या मालिकेत वेंधळा हेर झाला होता; वेळ असेल तर तिचा एखादा भाग मध्ये घालावा.

दुसरी जोडी मला सर्वांत प्रिय आहे. 'गोल्डफिंगर'मध्ये (१९६४) टेबलाला जखडलेल्या बाँडकडे लेझरचा किरण सरकत येतो, तो प्रसंग नीट लक्षात ठेवावा आणि शीर्षकगीत मुळीच गाळू नये. मग 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेचा १९९६ मधला भाग पाहावा, ज्यात हँक स्कॉर्पिओ हा मालिकेतल्या होमरचा साहेब असतो. तिथे लेझरखालून सुटलेल्या हेराला होमर स्वतः झडप घालून पाडतो, कारण इतक्या प्रेमळ साहेबांना मदत करणे त्याला आपले कर्तव्य वाटते! साहेब जगाला वेठीस धरणारा खलनायक आहे, हे त्याच्या गावीही नसते. शेवटची नामावली संपेपर्यंत उठू नये, शीर्षकगीताचे विडंबन तिथेच आहे.

सोलापुरात मात्र बाँडपाशी थांबणे करंटेपणाचे ठरेल. पूर्व भागातल्या विणकर घरांतून तेलुगू आणि शहरात सर्वत्र कन्नड कानावर पडत असताना कृष्णाचा तेलुगू 'गूढचारी ११६' (१९६६), त्यावरून निघालेला जितेंद्रचा 'फर्ज' (१९६७) आणि राजकुमारचा कन्नड 'जेडर बले' (१९६८) हे तिन्ही पाहावेत, आणि तेही घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना सोबत बसवून. मे महिन्यातल्या दुपारी पंख्याखाली, कडक भाकरी नि शेंगा चटणी समोर ठेवून हा कार्यक्रम उत्तम जमतो, फक्त चटणीचे बोट रिमोटला लावू नये. ११६ हा आकडा कानावर पडला की चित्रपट क्षणभर थांबवावा आणि त्यांना विचारावे, हा हेर तुम्ही आधी कोणत्या भाषेत पाहिला होता?