परदेशी मासेमारी जहाजावर नोकरी : सही करण्याआधी काय तपासायचं

बडोद्यात समुद्र नाही, समुद्रावरची नोकरी मात्र मिळते. कधी अलकापुरीतल्या ऑफिसात, कधी नुसत्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर. जाहिरातीत 'मर्चंट नेव्ही' असतं आणि करारात हळूच 'फिशिंग व्हेसल' येतं. हा फरक आधी पकडा. व्यापारी जहाजावरच्या खलाशाला २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराचा आधार असतो. मासेमारी जहाजं त्यातून वगळलेली आहेत. त्यांच्यासाठी आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) १८८ क्रमांकाचा, २००७ चा वेगळा आंतरराष्ट्रीय करार आहे. तो स्वीकारलेले देश थोडे, आणि जहाजावर झेंडा ज्या देशाचा, कायदाही मुख्यतः त्याच देशाचा.

म्हणून पहिला प्रश्न पगाराचा नको. जहाजाचं नाव, झेंडा आणि आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, मागा. नाव आणि झेंडा बदलता येतो; आयएमओ नंबर जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. तो सात आकडी असतो आणि कागदावर पडताळता येतो. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजेच नंबरातला सातवा आकडा. उदाहरणार्थ ९०७४७२९ : ६३ + ० + ३५ + १६ + २१ + ४ = १३९, शेवटी ९. जुळलं. गणित चुकलं तर नंबर बनावट किंवा लिहिताना चुकलेला. जुळलं तरी तो दुसऱ्याच जहाजाचा असू शकतो, तेव्हा पुढची पायरी टाळू नका. आणि 'नंबर तिकडे पोचल्यावर कळेल' असं उत्तर आलं, तर तिथूनच उठा.

नंबर मिळाला की तीन ठिकाणी शोधा. सेशेल्समध्ये मुख्यालय असलेल्या हिंदी महासागर टूना आयोगाकडे परवानाधारक जहाजांची यादी आहे; जहाज पॅसिफिक किंवा अटलांटिकमध्ये जाणार असेल तर तिथल्या आयोगाची यादी बघा. बेकायदा मासेमारीत सापडलेल्या जहाजांची एकत्रित यादीही इंटरनेटवर फुकट बघता येते. तिसरा, ग्लोबल फिशिंग वॉचचा नकाशा. त्यावर जहाज गेल्या वर्षभरात कुठे फिरलं ते दिसतं.

नकाशावर बघायचं ते एवढंच : जहाज शेवटचं बंदरात कधी लागलं? लांब पल्ल्याची टूना जहाजं पकडलेला मासा भर समुद्रात मालवाहू जहाजावर चढवतात आणि तिथूनच डिझेल, शिधा घेतात. त्यामुळे वर्ष-वर्ष बंदर दिसत नाही. बंदर नाही म्हणजे तपासणी नाही, डॉक्टर नाही, आणि पळून जायला जमीनही नाही. बेकायदा मासा आणि राबवलेली माणसं एकाच जहाजावर सापडतात त्याचं हे एक मोठं कारण. ट्रॅक मध्येच तुटलेला दिसला तर जहाजाची जागा सांगणारा सिग्नल मुद्दाम बंद केलेला असू शकतो. पण उपग्रहाला तो नीट न मिळाल्यानेही तसं होतं, म्हणून त्या एका खुणेवर निकाल देऊ नका.

एजंट तपासणं सोपं आहे. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्याची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर दिसायला हवी आणि त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. व्यापारी जहाजाचं नाव सांगत असेल तर डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक खात्याचा, आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना क्रमांक मागा. तिथे भरतीसाठी खलाशाकडून पैसे घेणंच मना आहे. रोख दीड-दोन लाख मागितले की समजा, कर्ज इथेच सुरू झालं. पुढे 'आधी एजंटाचे पैसे फेड' म्हणून पगार अडकतो.

नोकरीचा करार घरून निघण्याआधी हातात हवा, वाचता येईल अशा भाषेत. परदेशी बंदरात दुसऱ्या कागदावर सही करायला लावतात आणि पगार निम्मा होतो. ही जुनी चाल आहे. करारात बघा : जहाजाचं नाव, पगार दरमहा घरच्या खात्यात जाईल का, 'डिपॉझिट' किंवा 'गॅरंटी' म्हणून कपात आहे का, परतीचं तिकीट कोणाचं. विश्रांती आयएलओच्या १८८ क्रमांकाच्या करारानुसार २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात किमान ७७ तास. लाँगलाइनर जहाजावर (लांबच लांब दोरीला गळ लावून मासे पकडणाऱ्या) हजारो हुक सोडून परत ओढायचे असतात. पहिला घाला झोपेवरच पडतो. पर्यटक व्हिसावर पाठवत असतील तर जाऊच नका.

निघताना पासपोर्ट, करार आणि व्हिसाचे फोटो घरी ठेवा. पासपोर्ट कप्तान 'सांभाळायला' घेतो. मागितल्यावर परत देत नसेल, तर आयएलओच्या सक्तमजुरीच्या ११ लक्षणांपैकी ते एक आहे. पगार रोखणं हे दुसरं.

संपर्क तुटला तर घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकावी आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही द्यावी. नुसतं 'मुलगा बेपत्ता' लिहू नका. आयएमओ नंबर, शेवटचं बंदर आणि शेवटच्या फोनची तारीख पहिल्याच ओळीत द्या. वकिलातीला झेंड्याच्या देशाशी बोलायला हेच लागतं.