लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर भाडेकरू कसा आणावा

पार्ल्यात पूर्वेला आमची इमारत १९७४ ची. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, पार्किंग म्हणजे चिंचेखाली उभ्या दोन स्कूटर. तिसऱ्या मजल्यावरचा माझा वन-बीएचके पाच महिने रिकामा होता. जाहिरातीत मी ‘प्रशस्त, हवेशीर’ लिहिलं होतं. माणसं दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत विचारायची, “अजून वर?” आणि तिथूनच परत.

मग पहिली ओळच बदलली: तिसरा मजला, लिफ्ट नाही, गाडीला जागा नाही, स्टेशन पायी सात मिनिटं. फोन निम्म्यावर आले, पण आलेला माणूस दारापर्यंत तरी पोचायला लागला. एजंटलाही हेच बजावा, नाहीतर तो “लिफ्ट बसतेच आहे” म्हणून मोकळा होतो.

पैसे फरशीवर घालू नका. जुनी मोझॅक नुसती पॉलिश करून घ्या. खर्च करायचा तो बाथरूम आणि वायरिंगवर. आजचं बिऱ्हाड गीझर, वॉशिंग मशीन, एसी घेऊन येतं आणि आमच्या घरात पंधरा अँपियरचा पॉइंट एकच, तोही ओट्यावर! मी तीन नवे काढून घेतले, फ्यूजच्या जागी एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच, बसवले. ओलीवर रंग फासू नका. जूनमध्ये ती बाहेर येते आणि तुमचं पितळ उघडं पडतं. जिन्यातले बल्ब सोसायटीचे, पण बदलले मीच.

पाण्याचा प्रश्न येणारच. आमच्याकडे सकाळी सहा ते साडेसात. मी माळ्यावरची २०० लिटरची टाकी दाखवते आणि नळ सोडूनही दाखवते.

शेजारच्या लिफ्टवाल्या इमारतीचं भाडं धरून बसू नका. अकरा महिन्यांच्या हिशेबात एक महिना घर रिकामं राहिलं की ९ टक्के गेले. त्यापेक्षा ५ टक्के कमी घेतलेलं परवडतं.

लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार, रजिस्टर कराच, घरबसल्या ऑनलाइन होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची. सोसायटीही नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं शुल्क, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावू शकत नाही. आमच्या सेक्रेटरींना हे दोनदा सांगावं लागलं.

आता दोघी नर्स राहतात. फ्रिज वर चढवायला हमालांनी मजल्यामागे जादा मागितले. ते मीच दिले, तुम्हीही द्या.