पार्टीत कोण, बाकावर कोण?

गेम डिझाइनमध्ये येऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या वहीत बहुतेक वेळा दहा-बारा पात्रं तयार असतात. नावं, पूर्वायुष्य, शस्त्रं, सगळं काही. मी त्यांना आधी एवढंच विचारते की लढाईत एका वेळी किती जण उतरणार, म्हणजे पार्टी केवढी, आणि जे उतरणार नाहीत, बाकावर बसणार, त्यांचं काय होणार? आरपीजी, म्हणजे पात्रांची भूमिका घेऊन खेळायचा कथाप्रधान गेम, करायची असेल तर या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कथेच्याही आधी लिहून काढा.

आपल्याकडे हे क्रिकेटमधून चटकन समजतं. २०२३ मध्ये आयपीएलने इम्पॅक्ट प्लेअर आणला, म्हणजे चालू सामन्यात अकरांपैकी एकाच्या जागी बाकावरचा एक खेळाडू घेण्याची मुभा. नियम छोटासाच, पण त्याने अकरा जण निवडण्याचं गणित बदललं आणि अष्टपैलू खेळाडूंना वाव कमी होतो का, यावर वाद सुरू झाले. बदलीचा नियम ठरला की निवड कशी होणार हेही बरंचसं ठरून जातं.

‘फायनल फँटसी टेन’ (२००१) याच नजरेने खेळून पाहा. सात पात्रं, मैदानात तीन. पाळी आली की चालू लढाईतच बाकावरचं पात्र आत घेता येतं आणि ते लगेच वारही करू शकतं. उडणारा शत्रू आला की वाक्काला आणा, जाड कवचाचा आला की ऑरॉनला. इथे बदली फुकट आहे, म्हणून खेळाडू सातही जणांना ओळखू लागतो. पण त्या लढाईत ज्याने काहीतरी कृती केली, त्यालाच प्रगतीचे गुण मिळतात. परिणामी लोक प्रत्येकाला एका पाळीपुरतं आत आणतात आणि साध्या लढायाही लांबतात. एका नियमाने खेळाडूला कोणती सवय लागते, हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

‘ड्रॅगन क्वेस्ट फोर’ने (१९९०) वेगळी वाट धरली. उरलेली मंडळी घोडागाडीत बसून सोबत येतात, पण काही गुहांमध्ये गाडी शिरत नाही. तिथे दारातच चौघं निवडायचे आणि त्यांच्यावरच निभावायचं. त्या निवडीला वजन येतं. ‘फायनल फँटसी सिक्स’चा (१९९४) शेवटचा मनोरा तीन तुकड्या करून चढायला लावतो, त्यामुळे लाडक्या चौघांनाच वाढवणारा खेळाडू तिथे अडचणीत येतो. मला हा कडक न्याय आवडतो, पण त्याची चाहूल खूप आधीपासून द्यायला हवी.

‘मास इफेक्ट टू’ (२०१०) तर या सगळ्याच्या पुढे जाते. प्रत्येक मोहिमेवर सोबत दोघंच जातात, पण अखेरच्या मोहिमेत कोणतं काम कोणाला द्यायचं हे ठरवावं लागतं आणि चुकीच्या माणसाला दिलं तर जीव जातो. बाकावरच्यांशी तुम्ही बोललात का, त्यांची कामं केलीत का, त्याचा हिशेब तिथे चुकता होतो.

आता कागद घ्या. सात पात्रांतून तिघांची पार्टी पस्तीस प्रकारे बनते. आठांतून चौघांची सत्तर प्रकारे. प्रत्येक पार्टीसाठी वेगळे संवाद लिहायला गेलात तर संपणारच नाहीत. म्हणून जोड्यांचे लिहा: आठ पात्रांच्या जोड्या अठ्ठावीसच होतात. दोनच पात्रं वाढवून दहा केलीत की पंचेचाळीस. वहीतल्या यादीला कात्री लावायला एवढा आकडा पुरतो.

मुंबईत नोकरी शोधताना लक्षात ठेवा, इथलं बरंचसं काम मोबाइल गेम्सचं असतं. मोठ्या आरपीजीवर काम करायला मिळेल म्हणून थांबू नका. पात्रं गोळा करून संघ लावायचे खेळ मोबाइलवर भरपूर आहेत आणि प्रश्न तिथेही हाच आहे. फक्त खेळाडू कल्याण लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभा असतो. बदलीची स्क्रीन त्याच्या अंगठ्याच्या टप्प्यात यायला हवी, आणि दादरला उतरताना फोन खिशात टाकला तरी लावलेली पार्टी तशीच राहायला हवी. चाचणी घरच्या टेबलावर करू नका, गाडीत करा.

शिक्षणाचं म्हणाल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात सीड ही प्रवेश परीक्षा देऊन एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) करता येतं आणि तिथला इंटरॅक्शन डिझाइनचा अभ्यास या कामाला जवळचा आहे. पण पदवी हाती येईपर्यंत थांबायचं कारण नाही. गोडो हे गेम इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, मोफत आहे. पाच पात्रं, मैदानात तीन, एकच गुहा, एवढं त्यात बनवा. तोच खेळ दोन नियमांनी चालवा: एकदा बदली फुकट, एकदा बदलीला एक पाळी खर्ची. दोन्ही वेळा कोणतं पात्र किती पाळ्या मैदानात होतं, ते तक्त्यात मांडा. मुलाखतीत सुंदर चित्रांपेक्षा मी तो तक्ता आधी उघडेन, आणि एखादं पात्र दोन्ही नियमांत बाकावरच राहिलं असेल तर त्याचं काय केलंत, हे विचारेन.